वृषणवृद्धीचा रुग्ण : औषध कोणाला, प्रतीक्षा कोणाला आणि तातडी कोणाला

‘अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण आपल्याकडे विनोदाने वापरली जाते. चिकित्सालयात बसणाऱ्याला मात्र तिच्यातील सत्य रोज अनुभवास येते. वृषणाच्या ठिकाणी सूज आलेला रुग्ण प्रथम ‘पोटात दुखते’ असे सांगतो, ‘कंबर भरून येते’ म्हणतो, अथवा चिकित्सालयाची पायरी न चढता औषधाच्या दुकानात जाऊन ‘सुजेवर काहीतरी द्या’ अशी मोघम मागणी करतो. कारण दुकानात वस्त्र उतरवावे लागत नाही. हा संकोच केवळ रुग्णापुरता राहत नाही. पुष्कळदा आपणही प्रश्न विचारून थांबतो, प्रत्यक्ष स्पर्शन-परीक्षा टाळतो आणि ‘वृद्धी’ एवढे निदान करून गुग्गुळकल्प लिहून मोकळे होतो.

प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. वृषणवृद्धीच्या चिकित्सेचे सर्व प्रकार येथे सांगावयाचे नाहीत. कोणत्या रुग्णाला औषध देता येईल, कोणाला निर्धास्तपणे थांबविता येईल आणि कोणाला एक मात्राही न देता शल्यचिकित्सकाकडे धाडले पाहिजे, हे ठरविण्याचा क्रम व्यवसायबंधूंपुढे व औषधविक्रेत्यांपुढे ठेवावयाचा आहे.

शास्त्रातील भेद आणि शास्त्रानेच आखलेली मर्यादा

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या बाराव्या अध्यायात वृद्धीचे सात प्रकार सांगितले आहेत : वातज, पित्तज, कफज, रक्तज, मेदोज, मूत्रज आणि आंत्रज. त्यांची लक्षणे वाचताना निरीक्षणाच्या सूक्ष्मतेचे आश्चर्य वाटते. मूत्रज वृद्धी चालताना पाण्याने भरलेल्या पखालीप्रमाणे हलते, असे ते सांगतात. आंत्रज वृद्धी दाबली असता आवाज करीत वर जाते व सोडली की पुन्हा फुगते, असेही ते नोंदवितात. आज आपण ज्यास हायड्रोसील व हर्निया म्हणतो, त्या दोहोंचा व्यवच्छेद या दोन वर्णनांत आलेला आहे.

चिकित्सास्थानाच्या एकोणिसाव्या अध्यायात मूत्रज वृद्धीसाठी सेवनीच्या बाजूस, खालील भागी, व्रीहिमुख शस्त्राने वेध घेऊन द्विमुखी नाडीने द्रव काढण्याची विधी आहे. त्याच अध्यायात, कोषापर्यंत उतरलेली आंत्रवृद्धी वर्ज्य करावी, असेही स्पष्ट सांगितले आहे. हे शेवटचे विधान आपण पुरेशा गांभीर्याने घेत नाही असे आम्हांस वाटते. ज्या शल्याचार्यांनी वेधविधी सांगितला, त्यांनीच आपल्या चिकित्सेची सीमाही सांगितली. त्या काळी ‘वर्ज्य’ याचा अर्थ उपाय नाही असा होता. आज त्याच रुग्णासाठी सुरक्षित शस्त्रक्रिया उपलब्ध आहे, म्हणून आजचा अर्थ ‘योग्य हाती सोपवावे’ असा घेतला पाहिजे.

परीक्षेचा क्रम

रुग्णास आधी उभे करून व नंतर निजवून, दोन्ही स्थितींत तपासावे. केवळ निजलेल्या स्थितीत तपासल्यास छोटा हर्निया व शिरांची वृद्धी दोन्ही हातून निसटतात. तपासणीत पाच गोष्टी पाहाव्यात.

१) काळ : सूज किंवा वेदना तासांची आहे, दिवसांची आहे की महिन्यांची, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

२) सुजेच्या वर बोटे पोहोचतात काय : सुजेचा वरचा काठ अंगठा व तर्जनीच्या चिमटीत सापडत असेल, तर सूज कोषातच आहे. सापडत नसेल, सूज जांघेतून उतरत असेल आणि खोकल्यावर बोटांना धक्का जाणवत असेल, तर ती आंत्रवृद्धी समजावी.

३) वृषण वेगळा हाती लागतो काय : जलवृषणात द्रव वृषणास सभोवार वेढतो, त्यामुळे वृषण चाचपता येत नाही. अधिवृषणाची द्रवग्रंथी, म्हणजे सिस्ट, वृषणाच्या वर व मागे असते आणि वृषण तिच्याहून वेगळा लागतो. सूज वृषणाच्याच अंगात असेल, तर पुढील विचार सर्वस्वी बदलतो.

४) प्रकाशपरीक्षा : अंधाऱ्या खोलीत सुजेमागे लहान टॉर्च धरावी. द्रव असल्यास लालसर उजेड आरपार दिसतो. मात्र तान्ह्या बालकात आतडे पातळ असल्याने हर्नियातही उजेड दिसू शकतो, हे विसरू नये.

५) निजल्यावर काय होते : हर्निया व शिरांची वृद्धी बहुधा ओसरते. जलवृषण, द्रवग्रंथी व घन गाठ तशीच राहते.

ही तपासणी पाच मिनिटांची आहे. तिच्यासाठी टॉर्चखेरीज कोणतेही उपकरण लागत नाही.

जेथे तास मोजावे लागतात

एका हिवाळ्यात सोळा वर्षांच्या मुलास आमच्याकडे आणले गेले. तिसऱ्या दिवशी. पहाटे झोपेत वेदना सुरू झाली, दोन वांत्या झाल्या, मुलाने लाजेने ‘पोट दुखते’ एवढेच आईस सांगितले. दिवसा सूज दिसल्यावर वडिलांनी दुकानातून वेदनाशामक गोळ्या व चोळण्याचे तेल आणले आणि घरी गरम विटेचा शेक दिला. आमच्याकडे आला तेव्हा वेदना उलट कमी झालेली होती, आणि घरचे त्यास सुधारणा समजत होते. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. वृषणरज्जूस पीळ पडून वृषण मृत झालेला होता, तो काढावा लागला.

या अवस्थेत वृषण आपल्या रज्जूभोवती फिरतो व त्याचा रक्तपुरवठा तुटतो. बारा ते अठरा या वयात ती अधिक आढळते, नवजात बालकांतही होते आणि प्रौढ वयातही संभवते. वेदना अकस्मात, पुष्कळदा झोपेत किंवा खेळताना सुरू होते. मळमळ व वांती असते. वृषण दुसऱ्या बाजूपेक्षा वर ओढलेला व आडवा दिसतो. मांडीच्या आतील बाजूस हलके ओरखडले असता त्या बाजूचा वृषण निरोगी अवस्थेत वर उचलला जातो. पीळ पडल्यावर ही प्रतिक्रिया सहसा नाहीशी होते. तथापि ती शिल्लक आहे म्हणून पीळ नाही, असा निष्कर्ष काढू नये.

पीळ सहा तासांच्या आत सुटला तर वृषण बहुतेक वेळा वाचतो. त्यानंतर प्रत्येक तासास आशा घटते आणि चोवीस तास उलटल्यावर तो क्वचितच वाचतो. म्हणून नियम एकच : मुलाच्या किंवा तरुणाच्या वृषणात अकस्मात वेदना झाली, तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत तो पीळच समजावा. डॉप्लर सोनोग्राफी उपयुक्त आहे, परंतु लक्षणे स्पष्ट असताना तिच्यासाठी वेळ घालवू नये. शस्त्रक्रियेत दुसऱ्या बाजूचा वृषणही टाके घालून स्थिर करतात, कारण रचनेतील तोच दोष तेथेही असू शकतो.

अशा रुग्णास लेप, स्नेहन व शेक यांपैकी काहीही करू नये. चरकाचार्यांनी वृषण, हृदय व नेत्र यांवर स्वेदन मृदू करावे अथवा करूच नये असे सांगितले आहे, याचे येथे स्मरण ठेवावे. तोंडाने काढा, एरंडस्नेह, दूध, फार काय पाणीही देऊ नये, कारण भूल द्यावी लागणार असते. वेदना किती वाजता सुरू झाली व शेवटचे अन्न किती वाजता घेतले, या दोन वेळा चिठ्ठीवर लिहाव्यात, शल्यचिकित्सकास दूरध्वनी करावा आणि रुग्ण ताबडतोब रवाना करावा. वेदना आपोआप थांबली तरी पाठवावे. पीळ सुटला असेल तर तो पुन्हा पडू शकतो, आणि वृषण मृत झाला असेल तरीही वेदना थांबते.

तातडीच्या अन्य अवस्था

*अडकलेली आंत्रवृद्धी* : नेहमी आत जाणारी सूज आत जाईनाशी झाली, ताठर व दुखरी झाली, वांती सुरू झाली, वायू व मल अडला, तर आतड्याचा रक्तप्रवाह थांबत आहे असे समजावे. वृद्धिरोगात एरंडस्नेह हे परंपरेने मान्य द्रव्य आहे, आणि म्हणूनच येथे सावधगिरी हवी. अडकलेल्या आतड्यावर विरेचन किंवा बस्ती देणे म्हणजे आतडे फुटण्यास निमंत्रण होय. जोराने सूज आत ढकलण्याचाही प्रयत्न करू नये.

*अधिवृषण व वृषणाचा शोथ* : वेदना एक-दोन दिवसांत हळूहळू वाढते, ताप असतो, मूत्रदाह असतो. तरुणांत लैंगिक संसर्ग व उतारवयात मूत्रमार्गाचा संसर्ग ही मुख्य कारणे होत. यास प्रतिजैविकांची आवश्यकता असते. केवळ गोक्षुरादी कल्पांवर थांबल्यास पूयोत्पत्ती होऊ शकते. शोथ शमल्यावरही काही आठवड्यांनी गाठ शिल्लक असेल तर सोनोग्राफी करावी. क्षय व अर्बुद या दोहोंचा विचार तेव्हा करावा लागतो. गालगुंडानंतर वयात आलेल्या मुलांत होणारा वृषणशोथही ध्यानी ठेवावा.

*कोथ* : मधुमेही रुग्णाच्या कोषावर सुजेच्या मानाने फार अधिक वेदना, काळसर डाग, दुर्गंधी, दाबल्यास त्वचेखाली चरचर, ही लक्षणे दिसल्यास तो काही तासांत पसरणारा कोथ असतो. येथे प्राणच पणाला लागलेला असतो.

*आघात* : मार लागल्यावर सूज वेगाने वाढत असेल तर आवरण फाटल्याची शंका घेऊन पाठवावे.

न दुखणारी गाठ : आमच्या हातून झालेली चूक

वेदना रुग्णास वैद्याकडे आणते. जेथे वेदना नाही तेथे रुग्ण व वैद्य दोघेही निश्चिंत होतात. असा एक प्रसंग आम्ही येथे लपवू इच्छित नाही. अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण एका बाजूच्या वेदनारहित सुजेसाठी आला. टॉर्चचा उजेड आरपार दिसला. आम्ही मूत्रज वृद्धी असे निदान केले व कांचनार गुग्गुळ, चंद्रप्रभा वटी आणि सागरगोट्याचा लेप अशी योजना चार महिने चालविली. द्रव दिसल्याने आम्ही समाधान मानले. द्रवामागील वृषण चाचपता येत नाही, म्हणजेच तो आपण तपासलेलाच नाही, हे आमच्या ध्यानी आले नाही. जडपणा वाढल्यावर सोनोग्राफी केली. वृषणात घन अर्बुद होते आणि द्रव त्याचाच परिणाम होता. पुढे शस्त्रक्रिया व रसायनोपचार होऊन तो तरुण आज बरा आहे. मात्र ते चार महिने आम्ही घालविले, हे आम्ही विसरलेलो नाही.

वृषणाचे अर्बुद पंधरा ते चाळीस या वयात अधिक आढळते. ज्याचा वृषण बालपणी कोषात उतरला नव्हता, त्यास धोका अधिक असतो. हा कर्करोग वेळेवर उपचार झाल्यास बहुतांशी बरा होतो, पसरल्यावरही पुष्कळ रुग्ण बरे होतात. म्हणूनच विलंब अक्षम्य ठरतो. वृषणाच्या अंगात टणक गाठ, एका बाजूचा अकारण जडपणा, अथवा तरुण वयात नव्याने आलेला जलवृषण, या तिन्हींत औषधापूर्वी सोनोग्राफी करावी. शंका असल्यास कोषातून सुई कदापि घालू नये. त्याने अर्बुदपेशी नव्या मार्गाने पसरण्याची भीती असते. शल्यचिकित्सकदेखील अशा वेळी कोषातून न जाता जांघेतून वृषण काढतात, ते याच कारणास्तव.

जेथे निर्धास्त थांबता येते

सर्वच सुजा भयावह नसतात. अनावश्यक भीती घालणे हाही दोषच.

निदान निश्चित झालेला लहान जलवृषण वेदना नसल्यास तसाच राहू देता येतो. आकार वाढून चालण्यास, बसण्यास, मूत्रविसर्जनास अडथळा होऊ लागला, त्वचा घासून व्रण होऊ लागले अथवा द्रवात संसर्ग झाला, तर शस्त्रक्रिया करावी. नुसता द्रव काढल्यास तो बहुधा पुन्हा भरतो, कारण द्रव निर्माण करणारे आवरण जागेवरच असते. शस्त्रक्रियेत ते आवरण उलटवून शिवतात किंवा त्याचा भाग काढतात.

अधिवृषणाच्या द्रवग्रंथी मध्यम वयात पुष्कळांना होतात. त्या कर्करोग नव्हेत व कर्करोगात रूपांतरितही होत नाहीत. त्रास नसल्यास काहीही करू नये. ज्यास अद्याप अपत्य हवे आहे त्यास शस्त्रक्रियेने सूक्ष्म शुक्रनलिका दुखावण्याचा धोका आधी समजावून सांगावा.

शिरांची वृद्धी, म्हणजे व्हेरिकोसील, बहुधा डाव्या बाजूस असते व हातास गांडुळांच्या पुंजक्यासारखी लागते. वेदना, वाढत्या वयातील मुलात वृषण लहान राहणे, अथवा वंध्यत्व व शुक्रपरीक्षणात दोष, ही उपचाराची कारणे होत. मात्र चाळिशीनंतर अकस्मात आलेली, केवळ उजव्या बाजूची, किंवा निजल्यावरही न ओसरणारी शिरावृद्धी असेल तर पोटाची सोनोग्राफी करून वृक्काचे अर्बुद नाही याची खात्री करावी.

दोन्ही बाजूंस सूज, पायांवर शोथ व दम लागणे असे एकत्र दिसल्यास विकार कोषात नसून हृदय, वृक्क किंवा यकृतात शोधावा.

तान्ह्या बालकाचा जलवृषण वर्ष-दोन वर्षांत पुष्कळदा आपोआप जातो, तोवर थांबावे. बालकाचा हर्निया मात्र आपोआप जात नाही व लवकर अडकतो, त्यास थांबू नये. सहा महिन्यांचे झाल्यावरही वृषण कोषात उतरला नसेल तर बालशल्यचिकित्सकास दाखवावे.

श्लीपदाच्या प्रदेशात

सुश्रुताचार्यांनी वृद्धी, उपदंश व श्लीपद यांचा विचार एकाच अध्यायात केला आहे. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या भागांत व्यवसाय करणाऱ्या बंधूंना हे सान्निध्य प्रत्यक्ष दिसते. हत्तीरोगाच्या कृमींमुळे होणारा जलवृषण तेथे आजही आढळतो. शंका असल्यास रात्रीच्या रक्ताची तपासणी करवावी, कारण या कृमींची पिल्ले रात्री रक्तात उतरतात. सरकारी मोहिमेतील गोळ्या रोगाचा प्रसार थांबविण्यासाठी आहेत. नागपूर जिल्ह्यात २०१९ पासून तीन औषधांची एकत्र योजना आली. निरोगी दिसणाऱ्या माणसांनीही त्या घ्याव्यात असे आपण सांगितले पाहिजे. परंतु मोठा झालेला जलवृषण या गोळ्यांनी ओसरेल अशी आशा दाखवू नये. त्यास शस्त्रक्रियाच लागते.

औषधविक्रेत्यांना निवेदन

वृद्धिबाधिका वटीसारख्या कल्पांत पारद, हरताल व तुत्थ ही द्रव्ये असतात. औषधे नियमांच्या अनुसूची ‘ई (१)’ मध्ये यांची गणना विषारी द्रव्यांत आहे, आणि अशा औषधाच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, ही सूचना असते. ती सूचना विक्रेत्यासही लागू आहे असे आम्ही मानतो. वैद्याच्या चिठ्ठीविना हे कल्प देऊ नयेत.

तसेच १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत हायड्रोसीलचा नामनिर्देश आहे. ‘विनाशस्त्रक्रिया हायड्रोसील हमखास बरा’ असा फलक दुकानात लावणे हा कायद्याने गुन्हा ठरतो.

विक्रेत्याने तपासणी करावी अशी अपेक्षा नाही. त्याने दोनच प्रश्न, इतर गिऱ्हाइकांपासून बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारावेत : ‘केव्हापासून?’ आणि ‘कोणासाठी?’ उत्तर ‘आज पहाटेपासून’ आणि ‘मुलासाठी’ असे आले, तर गोळी न देता रुग्णालयाचा पत्ता द्यावा, वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून द्यावा. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी आलेल्या त्या मुलाच्या वडिलांना पहिल्याच दिवशी हे दोन प्रश्न कोणी विचारले असते, तर कदाचित निराळे घडले असते.

उपसंहार

अकस्मात वेदना असेल तर तास मोजावेत व औषध देऊ नये. वेदनारहित टणक गाठ असेल तर सोनोग्राफीपूर्वी औषध देऊ नये. आत न जाणारी, दुखरी आंत्रवृद्धी असेल तर विरेचन देऊ नये. यांतून उरलेल्या रुग्णांत निदान निश्चित करून आपल्या शास्त्राप्रमाणे चिकित्सा करावी, आणि ठरलेल्या मुदतीत गुण न आल्यास पुनर्विचार करावा.

रुग्ण दुसरीकडे पाठविला म्हणजे आपला कमीपणा झाला, असा समज काही बंधूंच्या मनात असतो. आमचा अनुभव उलट आहे. ज्यास आपण वेळेवर पाठविले, तो पुढे आपल्या कुटुंबातील इतरांना घेऊन पुन्हा आपल्याकडेच येतो. वैद्याने प्रथम संकोच सोडला, तर रुग्णाचा संकोच आपोआप सुटतो. त्यासाठी प्रत्येक चिकित्सालयात एक पडदा, एक टॉर्च आणि जवळच्या शल्यचिकित्सकाचा दूरध्वनी क्रमांक, एवढी सिद्धता आजच करून ठेवावी.